रुडिन, बार्टल-शेर्बर्ट की टाओ: अ‍ॅनालिसिस नेमकं कुठून शिकावं?

जून आला की हा प्रश्न हमखास येतो: "रिअल अ‍ॅनालिसिस मनापासून शिकायचंय, थेट रुडिन घेऊ का?" रिअल अ‍ॅनालिसिस म्हणजे कॅल्क्युलसच्या मागची काटेकोर सिद्धता, आणि 'रुडिन' हे त्यावरचं पाठ्यपुस्तक. विचारणारा कधी एस.वाय.चा असतो, कधी एमएस्सी प्रवेशाच्या जॅम परीक्षेची तयारी करणारी टी.वाय.ची मुलगी असते, तर कधी हिंजवडीत नोकरी करून रात्री पुन्हा गणिताकडे वळलेला इंजिनिअर. या तिघांना एकच उत्तर देणं चुकीचं होईल. पुस्तक चांगलं असणं आणि ते आत्ता आपल्या हातात असायला हवं असणं यांत बरंच अंतर असतं.

आधी ओळख. वॉल्टर रुडिन यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल अ‍ॅनालिसिस' पहिल्यांदा १९५३ साली आलं. आज वापरात आहे ती तिसरी आवृत्ती १९७६ची. अकरा प्रकरणं आणि साडेतीनशेच्या आत पानं, तेवढ्यात वास्तव संख्यांपासून लेबेगच्या इंटिग्रलपर्यंतचा (इंटिग्रलची अधिक व्यापक व्याख्या) पल्ला. बार्टल आणि शेर्बर्ट यांचं 'इंट्रोडक्शन टू रिअल अ‍ॅनालिसिस' पुण्यातल्या बीएस्सीच्या वर्गांत चांगलं ओळखीचं आहे. त्याचीही प्रकरणं अकराच, पण ते सावकाश चालतं, वास्तव रेषा सोडत नाही, आणि मेट्रिक स्पेसची, म्हणजे ज्यात अंतर मोजता येतं अशा कुठल्याही संचाची, भेट अगदी शेवटच्या प्रकरणात घडवतं. टेरेन्स टाओ यांचे 'अ‍ॅनालिसिस'चे दोन खंड २००६ साली दिल्लीच्या हिंदुस्तान बुक एजन्सीने काढले. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात २००३ साली त्यांनी शिकवलेल्या वर्गाच्या टिपणांतून ते तयार झाले आहेत.

प्रमेयं तिन्हींत बहुतेक तीच आहेत. निवड करताना बघायचं ते हे, की कोणती गोष्ट पुस्तक स्वतः करून दाखवतं आणि कोणती तुमच्या वहीवर सोपवतं. वर्गमूळ काढायची जुनी रीत घ्या: एक अंदाज धरायचा, संख्येला त्याने भागायचं, भागाकार आणि अंदाज यांची सरासरी काढायची, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. बार्टल-शेर्बर्टमध्ये हे तिसऱ्या प्रकरणात सोडवून दाखवलेलं उदाहरण आहे. अंदाजांचा सीक्वेन्स (क्रमवार यादी) उतरता का, खालून बांधलेला का, चूक किती राहते, सगळं लिहिलेलं. रुडिनमध्ये तीच गोष्ट तिसऱ्या प्रकरणाचा सोळावा स्वाध्याय आहे. कॉशी सीक्वेन्सवरून, म्हणजे ज्यांची पदं पुढे एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात अशा सीक्वेन्सवरून, वास्तव संख्या उभ्या करणं हे टाओंच्या पहिल्या खंडाचं अख्खं पाचवं प्रकरण. रुडिनमध्ये तो विचार तिसऱ्याच प्रकरणाच्या शेवटच्या दोन स्वाध्यायांत, चोवीस आणि पंचवीसमध्ये, मेट्रिक स्पेसच्या कम्प्लीशनच्या (तिच्यातल्या फटी बुजवण्याच्या) रूपात येतो. त्याच्या जरा आधी, बाविसाव्या स्वाध्यायात, बेअरचं प्रमेय. म्हणून स्वाध्याय गाळून नुसता मजकूर वाचणाऱ्याने रुडिन वाचलं असं मी म्हणणार नाही. पानं कमी आहेत कारण उरलेली पानं तुम्ही लिहायची आहेत.

हे किती आधीपासून सुरू होतं ते बघा. पुस्तकाचं पहिलंच उदाहरण. प ही धन परिमेय संख्या, तिचा वर्ग २ पेक्षा कमी. तिच्याहून मोठी, तरीही वर्ग २ च्या आतच राहील अशी परिमेय संख्या फ हवी. रुडिन सरळ सांगतात:

फ = (२प + २) ÷ (प + २)

आणि दोन ओळींत पडताळा देऊन पुढे जातात. प ला १ धरून बघा: ४/३ मिळतं, त्यावरून ७/५, त्यावरून २४/१७. २४ चा वर्ग ५७६ आणि १७ च्या वर्गाची दुप्पट ५७८, म्हणजे अजून आतच आहोत. पण हे सूत्र आलं कुठून? पुस्तक सांगत नाही. कागदावर 'वर्ग उणे २' चा आलेख काढा. त्यावरचे प पाशीचा आणि २ पाशीचा असे दोन बिंदू रेषेने जोडा. ही जीवा आडव्या अक्षाला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे फ. वक्र वरच्या बाजूला उघडणारा आहे, त्यामुळे तो जीवेच्या खालीच राहतो. म्हणून फ पाशी त्याची किंमत शून्याखाली, आणि म्हणून फ चा वर्ग २ च्या आत. हे आपलं आपण सापडलं की त्या दोन ओळी कायमच्या आपल्या होतात. नाही सापडलं, तर पहिल्याच पानावर वाटतं की हे आपलं काम नव्हे. चांगली, कष्टाळू मुलं इथेच पुस्तक मिटताना दिसतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. कमी त्यांच्यात नसते. कागद-पेन्सिल घेऊन आलेख काढायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

एकाच प्रमेयावर पुस्तकं पारखायची असतील तर युनिफॉर्म कंटिन्युइटीचं घ्या: बंद, मर्यादित अंतरालावर (इंटरव्हलवर) संतत असलेलं फलन तिथे युनिफॉर्मली संतत असतं, म्हणजे किमती हव्या तितक्या जवळ ठेवायला बिंदू किती जवळ हवेत ते अंतर (डेल्टा) सगळीकडे एकच चालतं. बार्टल-शेर्बर्ट उलटं गृहीत धरतात. तसं नसेल तर एकमेकांच्या हव्या तितक्या जवळ जाणाऱ्या बिंदूंच्या जोड्या मिळतात, पण फलनाच्या किमतींतलं अंतर काही मिटत नाही. मग बोल्झानो-वायरश्ट्रासच्या प्रमेयाने अभिसारी (एका संख्येकडे जाणारा) सबसीक्वेन्स काढायचा आणि विसंगती गाठायची. एफ.वाय.च्या मुलाला हे झेपतं, कारण सीक्वेन्सशी त्याची तोवर चांगली मैत्री झालेली असते.

रुडिन तेच प्रमेय कुठल्याही कॉम्पॅक्ट मेट्रिक स्पेससाठी सिद्ध करतात. कॉम्पॅक्ट म्हणजे खुल्या संचांनी ती कशीही झाकली (ओपन कव्हर), तरी त्यांतले सांत, म्हणजे मोजून संपतील इतकेच, संच पुरतात. प्रत्येक बिंदूभोवती त्याच्या त्याच्या डेल्टाच्या निम्म्या त्रिज्येचा गोल काढायचा. कॉम्पॅक्ट असल्यामुळे त्यांतले सांत गोल पुरतात. त्या निम्म्या त्रिज्यांतली सर्वांत लहान ती आपली डेल्टा. इथे थांबून दोन प्रश्न विचारायचे. निम्मी त्रिज्या कशासाठी? पहिला बिंदू एखाद्या केंद्रापासून निम्म्या त्रिज्येच्या आत असतो, दुसरा पहिल्यापासून तितकाच जवळ, त्यामुळे त्रिकोणाच्या असमानतेने दोघेही त्या केंद्राच्या पूर्ण त्रिज्येत बसतात, आणि किमतींची तुलना केंद्रामार्फत करता येते. आणि सांतच का हवेत? अनंत धन संख्यांचा इन्फिमम (सर्वांत मोठी खालची मर्यादा) शून्य असू शकतो, मग डेल्टा उरतच नाही. ० ते १ या खुल्या अंतरालावर १/क्ष घेतलं की नेमकं हेच घडतं: शून्याकडे सरकत जाल तशी डेल्टा आक्रसत जाते. कॉम्पॅक्टनेस काय कामाचा असतो हे ज्याला इथे दिसलं, त्याला पुढे टोपॉलॉजीत आणि फंक्शनल अ‍ॅनालिसिसमध्ये तीच युक्ती ओळखीची वाटते. रुडिनचं खरं देणं हे आहे, आणि ते मी बार्टल-शेर्बर्टच्या वर ठेवेन. मात्र दुसरं प्रकरण वाचताना ओपन कव्हरची व्याख्या अंगावर येते, कारण ती कशासाठी हवी हे दोन प्रकरणं पुढे गेल्यावरच कळतं.

टाओंचा मार्ग तिसराच. सुरुवातीला ते नेहमीच्या हिशेबातले खड्डे दाखवतात. एक अनंत तक्ता घ्या: कर्णावर १, प्रत्येक १ च्या बरोबर खाली उणे १, बाकी सगळीकडे शून्य. आडव्या ओळींची बेरीज करून ती मिळवली तर उत्तर १. उभ्या रकान्यांची केली तर ०. बेरजेचा क्रम बदलायला परवानगी लागते, हे एवढ्या तक्त्याने पटतं. त्यानंतर मात्र थेट नैसर्गिक संख्यांची पेआनोची गृहीतकं. ० + म = म ही व्याख्या, पण म + ० = म हे इंडक्शनने सिद्ध करायचं, आणि अशा कितीतरी सिद्धता वाचकावर सोडलेल्या. लिमिट येतं सहाव्या प्रकरणात आणि मेट्रिक स्पेस दुसऱ्या खंडात. ज्याने आयुष्यात एकही सिद्धता लिहिलेली नाही त्याच्यासाठी मला याहून चांगली शाळा माहीत नाही. पण फेब्रुवारीत जॅम असेल तर हा रस्ता लांबचा आहे.

जॅमचं म्हणाल तर तिथे सिद्धता लिहायची नसते. पर्याय निवडायचे किंवा संख्या भरायची. त्यासाठी उदाहरणं आणि प्रतिउदाहरणं जिभेवर हवीत, सीरिजच्या कसोट्या हातात बसलेल्या हव्यात. बार्टल-शेर्बर्टचे स्वाध्याय या कामी सरस, शिवाय मागे निवडक स्वाध्यायांच्या सूचना आहेत. टी.वाय.च्या मुलीला मी हेच घ्यायला सांगेन, आणि रुडिन परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवायला.

एस.वाय.च्या मुलाने एफ.वाय.ला एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटच्या काटेकोर व्याख्येवरून सिद्धता) स्वतः लिहिला असेल आणि पुढे एमएस्सी, संशोधन असं काही मनात असेल, तर त्याने रुडिन आत्ताच घ्यावं, पण पहिली सात प्रकरणं. बहुचल फलनं आणि डिफरेन्शियल फॉर्म्सची नववं-दहावं प्रकरणं पहिल्यांदा इथून शिकू नयेत. तिथे संक्षेप इतका आहे की भूमिती दिसेनाशी होते. लेबेगचं अकरावंही तसंच, घाईचं. सीक्वेन्सवर हात बसलेला नसेल तर आधी बार्टल-शेर्बर्टचं तिसरं प्रकरण पूर्ण करून मग रुडिनच्या दुसऱ्यात शिरावं. ही जोडी चांगली जमते.

एक अट मात्र रुडिनला आणि टाओंना सारखीच लागू आहे. तुमची सिद्धता वाचणारं कुणीतरी हवं. आपल्याच लिखाणातली गळती आपल्याला दिसत नाही, आणि मागे उत्तरं नसलेल्या पुस्तकात तर मुळीच नाही. पुण्यात ही सोय करता येते. कॉलेजातल्या मॅडमना किंवा सरांना आठवड्याला एक सिद्धता दाखवायची परवानगी मागा. नीट हस्ताक्षरात लिहिलेलं एक पान वाचायला शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. लॉ कॉलेज रोड भागातलं भास्कराचार्य प्रतिष्ठान श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलं. तिथे गणिताचं ग्रंथालय आहे आणि गणिताची आवड असलेली माणसं भेटतात. दोघा-तिघांचा गट जमला तर एकाने फळ्यावर पुस्तक न बघता सिद्धता मांडायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला "का?" विचारायचं. देशपातळीवर १९९३पासून चालू असलेलं एमटीटीएस या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाचं उन्हाळी शिबिरही याच वळणाचं आहे. बीएस्सीच्या मुलांनी त्याला अर्ज जरूर करावा.

हिंजवडीच्या इंजिनिअरकडे यातलं कुणीच नसतं, असतो तो रोजचा तासभर. त्याने टाओंचा पहिला खंड घ्यावा. नैसर्गिक संख्यांच्या प्रकरणातली एकही सिद्धता गाळू नये, कारण चूक झाली तर तिथे ती स्वतःलाच पकडता येते. कोडची सवय असलेल्याला ती शिस्त लवकर मानवते. पहिल्या खंडातलं रीमान इंटिग्रल संपलं की दुसरा खंड घ्यायचा की रुडिनचं दुसरं प्रकरण उघडायचं, हे ग्रंथालयात दोन्ही समोर ठेवून ठरवावं. विकत घेण्याआधी आठवडाभर वाचून बघायला ग्रंथालयाची प्रत पुरते. तेवढ्या आठवड्यात युनिफॉर्म कंटिन्युइटीचं ते एक प्रमेय दोन्हीकडून वाचा, पुस्तक मिटा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणती सिद्धता न बघता लिहिता येते ते बघा.