आक्रस्ताळं, उलट बोलणारं, मारकुटं मूल: पालकांचं प्रशिक्षण, मुलाची थेरपी की गोळी?

'याला कोणाकडे न्यायचं?' हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. खरं तर लहान मुलांच्या बाबतीत सर्वात भक्कम पुरावा ज्या उपचाराच्या बाजूने आहे, त्यात शिकवणी मुलाची नसते, आईबाबांची असते.

आधी निदान. ओडीडी (ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर) म्हणजे सतत चिडणं, वाद घालणं, मुद्दाम डिवचणं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेनुसार 8 पैकी किमान 4 लक्षणं 6 महिने टिकलेली हवीत, तीही भावंड सोडून निदान एका व्यक्तीशी वागताना. फक्त बहीण-भावाची भांडणं यात धरत नाहीत. सीडी (कंडक्ट डिसऑर्डर) त्यापुढची पायरी: मारामारी, चोरी, प्राण्यांना इजा, आग लावणं. इथे 15 पैकी 3 लक्षणं वर्षभरात दिसावी लागतात. दहाव्या वर्षाआधी सुरू झालेली सीडी जास्त चिवट असते.

मूल 2 ते 7 वर्षांचं असेल तर पीसीआयटीसारखं (पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी) पालकांचं थेट सरावाचं प्रशिक्षण पहिलं निवडावं. पालक मुलाशी खेळतात, थेरपिस्ट काचेआडून पाहत कानातल्या यंत्रातून सूचना देतो. घरी रोज 5 मिनिटं खेळ, त्यात पुढाकार मुलाचा. प्रश्न, हुकूम, टीका बंद. ही पाच मिनिटं वाटतात तितकी सोपी नाहीत, बहुतेकांच्या तोंडून दुसऱ्याच मिनिटाला 'हा कुठला रंग?' निघतं. मग येते आज्ञा देण्याची रीत. 'जरा आवरतोस का?' हा प्रश्न झाला, त्याला 'नाही' हे उत्तर चालतं. 'हे ठोकळे डब्यात टाक' ही आज्ञा. सांगून 5 सेकंद गप्प राहायचं. ऐकलं तर नुसतं 'शाब्बास' नको, 'सांगितल्याबरोबर टाकलेस, छान' म्हणायचं. नाहीच ऐकलं तर एक ताकीद, मग 3 मिनिटं टाइम-आउटची खुर्ची, शेवटचे 5 सेकंद शांत. आणि नंतर तीच आज्ञा पुन्हा! ही पायरी गाळली की खुर्ची म्हणजे कामातून सुटका ठरते.

हे का चालतं, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांच्या मांडणीत आहे. आई सांगते, मूल किंचाळतं, आई माघार घेते. मुलाला किंचाळण्याचं फळ मिळतं, आईला माघारीचं, म्हणजे शांतता; दोघंही तेच पुन्हा करतात. ही साखळी तोडताना सुरुवातीला आरडाओरडा वाढतो. नेमकं तेव्हाच 'आमच्या मुलाला हे लागू पडत नाही' म्हणून बरेच जण सोडतात. तिथे ढिलं पडलात तर मूल शिकतं, की अजून जोरात ओरडायला हवं.

सात-आठच्या पुढे मुलाची स्वतःची थेरपी उपयोगी पडू लागते: राग ओळखणं, प्रसंगाचे दोन-तीन मार्ग सुचवणं, भूमिका घेऊन सराव. पण ती पालक-प्रशिक्षणाच्या जोडीला हवी. आठवड्याचा एक तास घरच्या उरलेल्या सगळ्या तासांपुढे तोकडा पडतो. फक्त बिघडलेल्या वागणुकीच्या किशोरांचा गट मात्र जपून निवडावा, एकमेकांच्या पराक्रमांना हशा मिळाला की वागणं आणखी बिघडू शकतं. गंभीर सीडीच्या किशोरांसाठी एमएसटी (मल्टिसिस्टेमिक थेरपी) सुचवली जाते: थेरपिस्ट घरी येतो, शाळा आणि मित्रमंडळही कामात घेतो, साधारण 3 ते 5 महिने. धाक बसावा म्हणून तुरुंग दाखवायला नेण्याचे कार्यक्रम उलटे पडतात, हे चाचण्यांत दिसलेलं आहे.

गोळीबद्दल स्पष्ट बोलायचं तर ओडीडीवर खास औषध नाही. सोबत एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलता) असेल तर त्याच्या औषधाने आक्रमकताही कमी होते, म्हणून ती तपासणी आधी करावी. रिस्पेरिडोन हे मनोविकारावरचं औषध फक्त तीव्र आक्रमकतेसाठी, थोड्या काळापुरतं आणि इतर उपाय चालू ठेवून. वजन, रक्तातली साखर, चरबी आधी मोजावी आणि पुढेही मोजत राहावी. भूक झपाट्याने वाढते.

'प्रशिक्षण जमलं नाही, औषध द्या' असं डॉक्टरांना सांगण्याआधी वही उघडा: गेल्या सात दिवसांत खेळाची ती पाच मिनिटं किती वेळा झाली?