डायलिसिस ट्यूबिंग रोल (12-14 किलोडाल्टन): भेंडीच्या पॉलिसॅकराइडसाठी वापरला, पैसे वसूल

भेंडीतला जो बुळबुळीत चिकट भाग असतो ना, त्यातली पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या लांब साखळ्या) काढून अँटिऑक्सिडंट टेस्ट करायचं काम चालू आहे, त्यासाठी हा 25 मिमी फ्लॅट विड्थवाला (म्हणजे चपटी ठेवल्यावरची रुंदी) सेल्युलोजचा रोल घेतला. सँपल भरून ट्यूब पाण्यात ठेवली की साधारण 12-14 किलोडाल्टनपेक्षा छोटे रेणू बाहेर निघून जातात, मोठे आतच राहतात. पाचपैकी चार स्टार देतेय.

बरेच जण गरम पाण्यात अर्क काढतात, तीन-चार पट इथेनॉल ओतून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवतात, खाली बसलेला पांढरट गोळा सुकवतात आणि थेट डीपीपीएच टेस्ट (जांभळं द्रावण अँटिऑक्सिडंटमुळे पिवळं पडतं) लावून मोकळे होतात. आकडे एकदम झकास येतात, पण त्या गोळ्यात अडकून आलेले छोटे फिनॉल (वनस्पतीतले अँटिऑक्सिडंट रेणू), मीठ, साधी साखर सगळं असतं आणि जांभळा रंग पिवळा करण्यात त्या फिनॉलचाच हात मोठा. आमच्या सँपलची ॲक्टिव्हिटी डायलिसिसनंतर चांगलीच खाली आली आणि मला त्याचाच आनंद झाला, कारण आता जे उरलंय ते खरंच पॉलिसॅकराइडच्या जवळचं आहे. तरी फिनॉल मोजायची फोलिन टेस्ट कराच, साखळीला चिकटून बसलेले फिनॉल ट्यूबमधून जात नाहीत, आणि मोठी प्रोटीन्सपण आतच राहतात, ती आधी क्लोरोफॉर्म-ब्युटेनॉलने काढायची.

ट्यूब मजबूत आहे. भरताना वरती निदान एक तृतीयांश जागा रिकामी सोडा, कारण बाहेरचं पाणी आत शिरतं आणि सकाळपर्यंत ट्यूब टम्म फुगते, आमची फुगली पण गाठ सुटली नाही की कुठे गळली नाही. पाणी मात्र बदलत राहायचं, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, नाहीतर आत-बाहेर सारखं झालं की पुढे काही होत नाही.

एक स्टार कापला तो माहितीपत्रकासाठी, रोलसोबत धड एक कागद नाही. नवीन मुलांना कोण सांगणार की ट्यूबवर ग्लिसरीन असतं, गंधकाचे अंश असतात, म्हणून आधी 2 टक्के सोडियम बायकार्बोनेट आणि 1 मिलीमोलर ईडीटीएमध्ये (धातूचे अंश धरणारं रसायन) दहा मिनिटं उकळून डिस्टिल्ड वॉटरने खळखळून धुवायची, आणि एकदा भिजली की परत सुकू द्यायची नाही, तडकते. ग्लोव्हज घालूनच धरा, आणि उरलेली ओली ट्यूब फ्रीजमध्ये ठेवा, सेल्युलोज आहे, बुरशी-बॅक्टेरिया खातात.

अजून एक, याचा ट्यूबशी संबंध नाही पण ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी लिहिते. डीपीपीएच मेथॅनॉलमध्ये असतं, त्यात पॉलिसॅकराइड गढूळ होतं आणि 517 नॅनोमीटरला रंगाचं रीडिंग उगाच वर जातं, म्हणजे ॲक्टिव्हिटी आहे त्यापेक्षा कमी दिसते. सँपल ब्लँक (डीपीपीएच न घालता नुसत्या सँपलचं रीडिंग) लावाच, आणि जमलं तर सोबत एबीटीएस ही अशीच दुसरी रंगाची टेस्ट करा, ते पाण्यात चालतं, 734 नॅनोमीटरला वाचायचं.

भेंडीसारखं घट्ट सँपल असेल तर यापेक्षा रुंद साइज घ्या, या 25 मिमीच्या तोंडातून चिकट रस ओतायला फार वेळ जातो.