आईसाठी अकरा महिने २४ तासांची मावशी, नऊ महिने केंद्र: आमच्या वहीतला हिशेब

आई ८१ वर्षांची. जून २०२३ मध्ये बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. विसरभोळेपणा आधीपासून होता. ऑपरेशननंतर डिमेन्शिया झपाट्याने वाढला. आम्ही पुण्यात राहतो, मी आणि नवरा दोघंही नोकरीला. आधी अकरा महिने आईला सांभाळायला घरी पगारी मावशी होत्या, गेले नऊ महिने आई वृद्ध पेशंटना ठेवून घेणाऱ्या केंद्रात आहे. दोन्हीकडचा खर्च मी वहीत लिहीत आलेय. आकडे आमच्या घरचे आहेत, तुमच्या गावात आणि तुमच्या पेशंटला वेगळे असणार.

अशा मावशी पुरवणाऱ्या ब्युरोने दर सांगितला रोजचे ८५० रुपये, म्हणजे महिन्याला साडेपंचवीस हजार. केंद्राने सांगितले ३६,०००. घरच स्वस्त, असं आम्ही त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. पण ब्युरोचा दर नुसत्या माणसाचा असतो. महिन्यातून चार सुट्ट्या, त्या दिवशी बदली बाई १,१०० रुपयांना. ते धरून २६,५००. मावशींचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण मिळून किराणा साडेचार हजारांनी वाढला. डायपर ३,८००, फाउलर बेडचं (डोक्याची-पायाची बाजू वर उचलता येणाऱ्या दवाखान्यातल्यासारख्या खाटेचं) भाडं २,५००, फिजिओथेरपिस्ट महिन्यात बारा वेळा ४०० प्रमाणे ४,८००, डॉक्टरांची घरची व्हिजिट १,०००. बेरीज ४३,१००. यात आमचं घर, वीज आणि माझ्या बिनपगारी रजा धरलेल्याच नाहीत.

तरीही पहिले आठ महिने छान गेले, हे मला मनापासून सांगायचंय. मावशी परभणीकडच्या. "आजी, उठा, केस विंचरू," असं म्हणत त्या आईला बसवायच्या आणि जी आई माझ्या हातून औषध घेत नव्हती ती त्यांच्या हातून घ्यायची. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला पावडर, एअरबेडची हवा तपासणं, काही सांगावं लागलं नाही. अकरा महिन्यांत आईला एकही बेडसोअर (झोपून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही, याचं सगळं श्रेय त्यांचं. आम्ही देत होतो त्या ८५० मधले त्यांना ६५० मिळायचे हे मला पाचव्या महिन्यात कळलं. तेव्हापासून सणाला आणि महिनाअखेरीला मी वेगळे पैसे त्यांच्या हातात देत आले. ते मी आधीच विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीत सगळं बदललं. दिवेलागणीला आई "मला घरी जायचंय" म्हणून सुरू व्हायची ती पहाटे चारपर्यंत. बेडवरून उतरायचा प्रयत्न करायची. मावशी तीन रात्री जागल्या आणि चौथ्या दिवशी दुपारी भरवता भरवता त्यांना डुलकी लागली. आईला ठसका लागला. मी घरी होते म्हणून निभावलं. मावशींना मी काय बोलणार? २४ तासांची बाई म्हणजे २४ तास जागी असणारी बाई नव्हे. तिला रात्री सलग सहा तास झोप मिळालीच पाहिजे, आणि पेशंट रात्री झोपत असेल तरच ते शक्य आहे.

मग बारा-बारा तासांच्या दोन बायका घेतल्या, प्रत्येकी ७५० रुपये. नुसते ४५,०००. बाकीचं धरून महिना साठ हजारांवर गेला. रात्रपाळीला तीन महिन्यांत चार वेगवेगळे चेहरे आले, आणि आईला प्रत्येक नवा चेहरा म्हणजे घरात शिरलेलं परकं माणूस. त्यातच परभणीच्या मावशींच्या आई आजारी पडल्या आणि त्यांना गावी जावं लागलं. मी त्या दिवशी खूप रडले.

केंद्रं पाहायला गेलो तेव्हा सगळीकडे बाग आणि देवघर दाखवत. मी एकच प्रश्न लावून धरला: रात्री दोन वाजता या मजल्यावर कोण जागं असतं, आणि किती पेशंटना मिळून? एका ठिकाणी उत्तरच मिळालं नाही. आम्ही निवडलं तिथे सहा जणांमागे एक अटेंडंट रात्रभर जागी असते. खात्री करायला मी एकदा न सांगता रात्री अकराला गेले होते. तुम्हीही जा.

केंद्राचा प्रत्यक्ष खर्च असा: ३६,०००, शिवाय डायपर ३,८००, फिजिओ ३,६००, औषधांपलीकडचं किरकोळ दीड हजार. म्हणजे ४४,९००. एक लाख डिपॉझिट वेगळं, सोडताना परत मिळणारं, पण महिन्याची नोटीस द्यावी लागते. तपासणीला न्यायचं तर अॅम्ब्युलन्स आपली. नोव्हेंबरमध्ये आई न्युमोनियाने सहा दिवस दवाखान्यात होती. तेव्हा केंद्राचं बिल चालूच राहिलं आणि दवाखान्यात वेगळी अटेंडंट रोज ९०० देऊन ठेवावी लागली. करार करताना हे कलम वाचा, आम्ही वाचलं नव्हतं. आमच्या मेडिक्लेममधून दवाखान्याचे पैसे मिळाले. मावशी आणि केंद्र दोन्ही खिशातूनच.

कराचं थोडक्यात: आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र असेल आणि तुम्ही जुनी करप्रणाली घेत असाल, तर २०२४-२५ साठी कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के आणि वर असेल तर सव्वा लाख. प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात फेऱ्या होतात, पेशंटला हलवता येतंय तोवर ते काम उरका.

केंद्रात आईचं वजन दोन किलो उतरलं, कारण भरवायला तिथे घरच्याइतका वेळ नसतो. म्हणून रोज संध्याकाळी साडेसहाला मी डबा घेऊन जाते आणि स्वतः भरवते. ते पेट्रोल आणि तो दीड तासही मी आता हिशेबात धरते. पेशंट रात्री झोपत असता तर मी आजही परभणीच्या मावशींनाच फोन केला असता.

एप्रिलपासून केंद्राचा दर आठ टक्क्यांनी वाढतोय, ३८,८८० होईल. आई तिथेच राहील. तिच्या शेजारच्या कॉटवरच्या आजी रात्री तिच्याशी बोलतात, आणि आई त्यांना माझं नाव घेऊन हाक मारते.