ॲटिकचं इन्सुलेशन: चौदा इंच दिसले म्हणून चेक देऊ नका

न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्या मंडळींसाठी हे लिहितेय. थंडी तोंडावर आली की ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, इन्सुलेशन (घरातली ऊब टिकवणारा थर) भरून देणारे ठेकेदार दारोदार फिरायला लागतात. "तुमच्या ॲटिकमध्ये इन्सुलेशन अगदीच विरळ आहे, गॅसचं बिल निम्म्यावर आणतो, पण हा भाव आजच्यापुरता." आमच्याकडे आलेला बोलायला गोड होता. दुसऱ्याच दिवशी ट्रक आला, पाइप वर गेला आणि दुपारपर्यंत काम आटोपलं. वर डोकावलं तर करड्या सेल्युलोजचा (कागदापासून केलेल्या भुशाचा) थर, पट्टीवर चांगले 14 इंच. करारात आर-49 लिहिलं होतं (आर-व्हॅल्यू म्हणजे थर उष्णता किती अडवतो त्याचं माप) आणि सेल्युलोज नीट भरलं तर साधारण तेवढ्या जाडीत ते मिळतं. आमच्या ह्यांनी चेक दिला.

लबाडी त्या जाडीतच होती. मशीनमधून हवा जास्त आणि माल कमी सोडला की थर पिंजलेल्या कापसासारखा फुगतो आणि मग हळूहळू खाली बसतो. आमचा हिवाळा संपेपर्यंत बराच बसला. म्हणून हिशोब पिशव्यांचा ठेवायचा. किती चौरस फुटांना, कोणत्या आर-व्हॅल्यूसाठी किती पिशव्या लागतात, याचा तक्ता पिशवीवरच छापलेला असतो. फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय ग्राहक-संरक्षण संस्थेच्या नियमाप्रमाणे ठेकेदाराने क्षेत्रफळ, जाडी, आर-व्हॅल्यू आणि पिशव्यांची संख्या लेखी द्यायची असते. आमच्या पावतीवर नुसतं ‘ॲटिक इन्सुलेशन’ आणि रक्कम! रिकाम्या पिशव्याही जाताना ट्रकमध्ये घालून नेल्या, तेव्हा वाटलं, किती स्वच्छ काम करतात.

पैशांपेक्षा पुढचं जास्त गंभीर. स्वयंपाकघरातले छतात बसवलेले दिवे अर्ध्या तासाने आपोआप विझायचे आणि थोड्या वेळाने परत लागायचे. बल्ब बदलून झाले. शेवटी इलेक्ट्रिशियन वर चढला आणि हाताने थर बाजूला करत गेला. दिवे जुन्या पद्धतीचे, ज्यांच्याभोवती किमान 3 इंच जागा मोकळी सोडावी लागते, आणि ते भुशात पुरलेले. तापले की आतला सुरक्षा-स्विच त्यांना बंद करायचा. स्विच होता म्हणून निभावलं. फार जुन्या दिव्यांत तो नसतोही. बाथरूमच्या पंख्याची नळी निसटून वाफ ॲटिकमध्येच जात होती, छपराच्या फळ्यांवर काळी बुरशी धरली होती. छपराच्या कडेची हवा खेळण्याची भोकंही भुशाने बुजवलेली.

घरी येऊन केलेला 25 डॉलरवरचा बहुतेक सौदा तिसऱ्या कामाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. दुसऱ्याच दिवशी ट्रक आणायची घाई कशासाठी, ते आता कळलं असेल. इथे घरकाम करणाऱ्या ठेकेदाराला राज्याच्या कंझ्युमर अफेअर्स विभागात नोंदणी लागते. क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. आमची तक्रार तिथेच दिली आहे. त्या ठेकेदाराचा फोन मात्र आता लागत नाही.

आणखी एक. जुन्या घराच्या ॲटिकमध्ये व्हर्मिक्युलाइट, म्हणजे चमकदार, खड्यांसारखं हलकं जुनं खनिज इन्सुलेशन, दिसलं तर ते हलवू नका, झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. अमेरिकेतलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून यायचं, त्यात श्वासावाटे गेल्यास घातक असलेलं ॲस्बेस्टॉस होतं, आणि ती खाण 1990 मध्ये बंद झाली. "त्याच भावात तेही काढून टाकतो" म्हणणाऱ्याला वर चढू देऊ नका. ते काम ॲस्बेस्टॉसचा परवाना असलेल्यांचं.