वायूचा हिशेब कोणावर सोपवायचा: एफएन मॅग की एम-६०?

मशीनगनच्या वायूप्रणालीचा इतिहास अभ्यासायला घेणाऱ्याने सुरुवात बेल्जियमच्या एफएन मॅगपासून करावी की अमेरिकेच्या एम-६० पासून? दोन्ही १९५० च्या दशकात घडल्या, दोन्ही ७.६२ मिमी नाटो काडतुसाच्या आहेत आणि दोन्हींच्या काडतुसांचा पट्टा ओढणाऱ्या यंत्रणेवर जर्मन एमजी-४२ या मशीनगनची छाप आहे. त्यामुळे वायूप्रणालीतला फरक चटकन नजरेत भरतो.

गोळी नळीतल्या छिद्रापुढे गेली की जळलेल्या दारूचा थोडा वायू दट्ट्यावर येतो आणि मागे ढकलला गेलेला दट्ट्या पुढची गोळी भरण्याचे काम करतो, पण काजळी किंवा धूळ साचली की तेवढा वायू पुरत नाही. ही अडचण जुनीच. चेक झेडबी २६ या मशीनगनवरून ब्रिटिशांची ब्रेन मशीनगन घडवताना कॉर्डाइट या ब्रिटिश दारूच्या काजळीपायी वायूचे छिद्र मागे सरकवावे लागले आणि वायू कमी-जास्त करणारा चार मापांचा रेग्युलेटरही ठेवण्यात आला.

मॅगचे रचनाकार अर्नेस्ट व्हर्विए यांनी तिच्यात हा हिशेब चालवणाऱ्याच्याच हाती ठेवला. जादा वायू बाहेर सोडणारी छिद्रे रेग्युलेटरने कमी-अधिक झाकता येतात. झाकली की दट्ट्यावरचा जोर वाढतो आणि गोळीबाराचा वेगही वाढतो. एम-६० मध्ये मात्र फिरवण्यासारखे काही नाहीच. वायू पोकळ दट्ट्यात शिरतो, दट्ट्या मागे सरकतो, त्याची छिद्रे नळीच्या छिद्रासमोरून हटतात आणि पुरवठा आपोआप तुटतो. कागदावर ही कल्पना अधिक देखणी आहे, हे मान्यच करावे लागते.

पण सफाईनंतर हा दट्ट्या उलटा बसवता येत असे, आणि तसा बसला की पहिल्या गोळीनंतर पुढची आपोआप भरली जात नसे. ज्या यंत्राची जुळणी अंधारात, थकलेल्या हातांनी होणार, त्याच्या आराखड्यातली ही चूक मला अक्षम्य वाटते. वायूच्या नळकांड्याची टोपणे सैल होऊ नयेत म्हणून त्यांना तारही बांधावी लागे. शिवाय नळकांडे आणि दुपायी, दोन्ही नळीलाच जोडलेली असल्याने प्रत्येक राखीव नळीबरोबर तेही ओझे वाहावे लागे. मॅगची दुपायी मात्र नळी बदलतानाही बंदुकीलाच राहते.

एम-६० च्या बाजूने बोलायचे तर ती मॅगपेक्षा हलकी आहे, आणि पायदळात ही बाब लहान नसते. तरीही अमेरिकेने १९७७ मध्ये रणगाड्यांसाठी मॅगच एम-२४० या नावाने स्वीकारली आणि १९९० च्या दशकात पायदळालाही दिली. म्हणून आधी मॅग उलगडावी, कारण तिचा रेग्युलेटर एकेक माप फिरवत गेले की वायूची वाट डोळ्यांना दिसते. एम-६० त्यानंतर घ्यावी, आणि तीही दट्ट्या हातात धरून.