कासवाचा स्टिकर

सेकंड हँड अंडरवॉटर कॅमेरा घ्यायच्या बेतात असाल तर आधी हे वाचा. माझे ५४ हजार गेले, आणि मला काही कळत नव्हतं म्हणून गेले असंही नाही. सहा वर्षं डायव्हिंग करतोय, तारकर्लीपासून अंदमानपर्यंत. थोडंफार कळत होतं, तेच नडलं.

इतके दिवस गोप्रोवर भागवत होतो. मोठा मासा जवळून गेला तर ठीक, पण नखाएवढी समुद्री गोगलगाय टिपायला जावं तर फोटोत नुसता रंगीत ठिपका. त्यात पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी मरतो. दहाएक मीटरवर लालभडक पोवळंसुद्धा करडं दिसतं. म्हणजे मॅक्रो जमणारा कॅमेरा हवा आणि सोबत लाइट हवा. महिनाभर घोळ घालून ऑलिम्पस टीजी-६ वर येऊन थांबलो. एक सेंटीमीटरवरून फोकस होतो, रॉ फाइल मिळते, हाउसिंगशिवाय (म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायची पाणीबंद प्लॅस्टिकची पेटी) १५ मीटर आणि कंपनीच्या हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत चालतो. नवा सगळा सेट खिशाबाहेर होता. मग जुन्याची शोधाशोध सुरू केली आणि जाहिरात सापडली: कॅमेरा, हाउसिंग, व्हिडिओ लाइट, ट्रे. अंदमानच्या दोनच ट्रिप. परदेशी चाललोय म्हणून विकतोय.

फोनवर माणूस गोड. "दादा, घाई नाही, तुम्ही बघून घ्या, मग बोलू." बोराबाजारला भेटू म्हणाला आणि माझा अर्धा विश्वास तिथेच बसला. मुंबईत कॅमेरा म्हटलं की ती गल्ली. गल्लीची पुण्याई गड्याने फुकटात वापरली, कारण भेटलो ते कुठल्या दुकानात नाही, कोपऱ्यावरच्या उडप्याकडे. शनिवारची दुपार, दोन कटिंग, मध्ये पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं हाउसिंग. बिजागरीच्या बाजूला हिरव्या कासवाचा गोल स्टिकर होता, त्यावर हॅवलॉक लिहिलेलं. मला तो स्टिकर फार आवडला. असाच एक मलाही मिळेल का, असंही विचारलं मी त्याला. आता आठवलं की कानशिलं तापतात.

सगळा वेळ मीच बोलत होतो. ओ-रिंग, म्हणजे झाकणातून पाणी शिरू न देणारं रबरी कडं, काढून मी पाहिली, ग्रीस कमी आहे म्हणून मीच त्याला सुनावलं, मेनू उघडून मायक्रोस्कोप मोड मी त्याला समजावला. तो "अरे वा, हे मला माहीतच नव्हतं" म्हणत होता. त्याला विकायची गरजच पडली नाही, मीच मला विकत होतो. साखरेच्या दाण्याचा फोटो काढला, कडक आला. त्याने अंदमानचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, तेही झकास. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोतून कॅमेऱ्याचं नाव, तारीख, सगळं गळून पडतं, हे मला माहीत होतं. मूळ फाइल मात्र मागितली नाही.

बिल दाखवलं. फोर्टचा पत्ता, सीजीएसटी, एसजीएसटी, शिक्का, सगळं जागच्या जागी. पैसे यूपीआयने टाकताना समोर एका बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं आहे." बरं म्हटलं आणि पिन दाबला.

तीन आठवड्यांनी मत्स्यगंधा पकडून मुरुडेश्वर, तिथून बोटीने नेत्राणी बेट. पाणी स्वच्छ होतं. पहिले दहा मीटर काही झालं नाही. चौदाला एका कपारीत पाय रोवलेला कोळंबीचा जोडा दिसला, मी कॅमेरा जवळ नेला आणि काचेच्या आत एक थेंब सरकताना दिसला. मग बिजागरीकडून बारीक बुडबुड्यांची माळ. कॅमेरा बुडतोय म्हणून सुटून वर येता येत नाही, फुप्फुसांना ते परवडत नाही. बडीला, म्हणजे जोडीच्या डायव्हरला, खूण केली, सावकाश वर आलो, पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप घेतला. ती तीन मिनिटं हातात माशाच्या भांड्यासारखं भरत चाललेलं हाउसिंग धरून नुसता बघत होतो. स्क्रीन एकदा निळी झाली, मग काळी.

आता यातली मेख बघा. ओ-रिंगवर केस किंवा वाळू असली तर पाणी बहुतेक वेळा वरच शिरतं, कारण खोल गेल्यावर दाबाने रिंग आणखी घट्ट बसते. माझं वरती कोरडं राहिलं आणि खाली, दाब जवळजवळ अडीचपट झाल्यावर, सुटलं. म्हणजे तडा. बोटीवर येऊन कासव सोलून काढलं. खाली बिजागरीपासून दोन बोटं लांब चीर, वर सुकलेला फेव्हिक्विक. बरं, हाउसिंग गेलं तर गेलं. १५ मीटर झेपणारा कॅमेरा चौदावर एकटासुद्धा जगायला हवा होता. तो का मेला?

ते फोर्टातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितलं. त्यांनी बॅटरीचं झाकण उघडून भिंग लावलं आणि मला बघायला दिलं. स्प्रिंगच्या मुळाशी हिरवट पूड. ती तीन आठवड्यांची नव्हे, जुनी. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे, एक स्क्रू दुसऱ्याच जातीचा. "हा आधी एकदा बुडालाय, दादा. धुऊन, सुकवून उठवलाय. एकदा खोलला की आतली सीलं पुन्हा तशी बसत नाहीत. तुम्ही मेलेला घेतलात."

घरी येऊन बिल काढलं आणि पहिल्यांदा नीट वाचलं. तारीख १४ मार्च २०१९. टीजी-६ जाहीरच झाला मे २०१९ मध्ये! जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर निघालाच नाही. फुकट आहे ते, अर्ध्या मिनिटाचं काम. उडप्याकडे चहा निवेपर्यंत झालं असतं.

संतापून त्याला लांबलचक मेसेज केला: कॅमेरा निघायच्या दोन महिने आधीचं बिल कुठून आणलंस? दोन निळ्या टिका, मग ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरकडे तक्रार नोंदवली, यूटीआर (व्यवहाराचा) नंबर दिला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण लगेच कळवलं असतं तर खात्यात पैसे अडवायची सोय असते, तीन आठवड्यांनी काय अडवणार? जाहिरात तोवर काढून टाकलेली, तिचा स्क्रीनशॉटही माझ्याकडे नव्हता. तुम्ही पैसे द्यायच्या आधी तो काढून ठेवा.

आणि हाउसिंगवर काहीही चिकटवलेलं असेल तर सोलायला लावा. सोलू देत नसेल तर उठा. मोबाइलचा टॉर्च आतून मारून प्लॅस्टिक उजेडात धरा, चिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. थिनर किंवा स्पिरिटने पुसलेल्या हाउसिंगला तशाच पडतात. बॅटरीची स्प्रिंग बघा, स्क्रू बघा. घरी आणल्यावर आत कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर आणि शिशाचं वजन घालून बादलीत बुडवा (रिकामं हाउसिंग तरंगतं, म्हणून वजन), आणि पहिल्या डाइव्हला तसंच रिकामं खाली न्या. बादलीत चौदा मीटरचा दाब नसतो. बादलीने माझं हाउसिंग पास केलं असतं.

परवा मित्राने एक जाहिरात पाठवली. टीजी-६, हाउसिंग, लाइट, परदेशी चाललोय. नंबर नवा, बिल तेच, शिक्कासुद्धा तसाच तिरका. तारीख मात्र आता १४ मार्च २०२० केली आहे. ०७ अजून तसाच आहे. ते मी मेसेजमध्ये लिहिलं नव्हतं.