लांब पंख की आखूड? फॉइलची फ्रंट विंग निवडताना

फॉइल म्हणजे फळीखाली उभ्या दांड्याला (मास्ट) लावलेले पंख, वेगात फळीला पाण्यावर उचलणारे; त्यातला पुढचा पंख म्हणजे फ्रंट विंग. वाशी-ऐरोलीकडचे फॉइल घेणारे बहुतेक जण आधी तिचं क्षेत्रफळ विचारतात. घोळ तिथेच होतो. 1000 चौ. सेंमी.चे दोन पंख समोर ठेवा, एक टोकापासून टोकापर्यंत 100 सेंमी लांब, दुसरा 80. लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ केलं की पहिल्याचं गुणोत्तर 10 येतं, दुसऱ्याचं 6.4. क्षेत्रफळ तेच, स्वभाव निराळा.

डाउनविंडला, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने पाण्याच्या उंचवट्यांवरून जायला, लांब पंखच. पाण्याचा रोध कमी, त्यामुळे एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर पंप न करता (पायांनी फळी खालीवर न दाबता) घरंगळत जाता येतं. खोट एवढीच, की वेग एका मर्यादेखाली गेला की हा पंख हळूहळू नाही, एकदम बसतो. वळताना टोक पाण्याबाहेर आलं, तर हवा शिरून उचल तुटते.

लाटेवर आखूड बरा. पायाच्या दाबाला लगेच कलतो, फेसात चूक झाली तरी सांभाळून घेतो. पंपिंगला मात्र दम लागतो.

ठाणे खाडीत तिसरीच भानगड: प्लास्टिकची पिशवी. पुढच्या कडेला अडकली की फॉइल ब्रेक दाबल्यासारखं खाली येतं, आणि लांब पंखात अडकायला जागा जास्त. शिवाय ओहोटीला गाळ वर येतो. 80 सेंमी मास्टला मीटरभर तरी पाणी हवं, म्हणून भरतीची वेळ बघूनच उतरा.

एकच घ्यायचा असेल तर गुणोत्तर 8च्या आसपासचा. खऱ्या लाटेसाठी तसंही खाडी सोडून समुद्रावरच जावं लागतं.